हॉटेलांमधील ऊर्जावापराचे तुलनात्मक मापन

हॉटेलांमधील ऊर्जावापराचे तुलनात्मक मापन, म्हणजेच व्यवसायात रूढ असलेल्या नावाने ऊर्जा बेंचमार्किंग, ही हॉटेलच्या ऊर्जा व्यवस्थापनातील एक पद्धत आहे. या पद्धतीत एखाद्या हॉटेलने ठरावीक काळात, बहुधा एका वर्षात, वापरलेली वीज व इंधने मोजली जातात. तो वापर हॉटेलच्या क्षेत्रफळाशी, खोल्यांशी किंवा पाहुण्यांच्या संख्येशी जोडून एका निर्देशांकात मांडला जातो. नंतर त्या निर्देशांकाची तुलना त्याच हॉटेलच्या मागील वर्षांशी, तशाच प्रकारच्या इतर हॉटेलांशी किंवा एखाद्या मान्य मानदंडाशी केली जाते. ऊर्जेवरील खर्च कमी करणे आणि हॉटेल व्यवसायाचा पर्यावरणावरील भार घटवणे ही या मापनाची दोन मुख्य उद्दिष्टे आहेत.

मराठीत 'हॉटेल' हा शब्द उपाहारगृहासाठीही वापरला जातो. या लेखात तो पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय असलेल्या आस्थापनेसाठी वापरला आहे.

## संज्ञा व इतिहास

'बेंचमार्क' हा शब्द मूळचा भूसर्वेक्षणातील आहे. ज्या ठिकाणाची उंची निश्चित केलेली असते, तेथे दगडावर किंवा भिंतीवर कोरलेल्या कायम खुणेला हे नाव आहे. इतर ठिकाणांची उंची या खुणेच्या संदर्भाने मोजली जाते. पुढे व्यवस्थापनशास्त्राने हा शब्द उसना घेतला. अमेरिकेतील झेरॉक्स या कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपला उत्पादनखर्च जपानी स्पर्धकांच्या खर्चाशी पद्धतशीरपणे ताडून पाहण्यास सुरुवात केली. झेरॉक्समधील रॉबर्ट कॅम्प यांनी १९८९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत इतर उद्योगांत पसरली.

इमारतींच्या ऊर्जावापराकडे जगाचे लक्ष वेधले ते १९७३ च्या तेलसंकटामुळे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७९ मध्ये व्यावसायिक इमारतींच्या ऊर्जावापराचे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू केले. अशा सर्वेक्षणांमुळे एका इमारतीच्या वापराची तुलना हजारो इमारतींशी करणे शक्य झाले. हॉटेल व्यवसायात १९९२ मध्ये काही मोठ्या हॉटेल साखळ्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय हॉटेल पर्यावरण उपक्रम स्थापन केला. व्यवसायाने पर्यावरणाचा प्रश्न सामूहिकपणे हाती घेण्याची ती सुरुवात मानली जाते.

## हॉटेलातील ऊर्जावापराचे स्वरूप

कार्यालय किंवा शाळा ठरावीक वेळी बंद होते, हॉटेल मात्र वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालू असते. शिवाय एकाच छताखाली निवास, स्वयंपाकघर, धुलाईघर, सभागृह, तरणतलाव आणि कार्यालय असे वेगवेगळ्या स्वरूपाचे व्यवहार चालतात. ऊर्जा मुख्यतः पुढील कामांसाठी लागते.

* वातानुकूलन व वायुवीजन : उष्ण हवामानातील हॉटेलांत विजेचा सर्वांत मोठा वाटा बहुधा याच कामाला जातो. त्यात पाणी थंड करणारी चिलर यंत्रे, पंप, शीतकरण मनोरे आणि पंखे यांचा समावेश होतो.
* गरम पाणी : स्नान, धुलाई आणि स्वयंपाकघर यांसाठी. त्यासाठी डिझेल किंवा वायूवर चालणारे बॉयलर, विजेचे गीझर, सौर तापक किंवा उष्मापंप वापरले जातात.
* स्वयंपाकघर : एलपीजी किंवा नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू, तसेच शीतगृहे व फ्रीज यांसाठी वीज.
* धुलाईघर : चादरी, टॉवेल व गणवेश धुणे, वाळवणे आणि इस्त्री करणे.
* इतर : प्रकाशयोजना, लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाणी प्रक्रिया, तरणतलावाची गाळणी आणि संगणक.

या वापराचे दोन भाग पडतात. पहिला भाग पाहुण्यांच्या संख्येनुसार बदलतो. पाहुणे वाढले की गरम पाणी, धुलाई आणि स्वयंपाक वाढतो. दुसरा भाग पाहुणे असोत वा नसोत, चालूच राहतो. दिवाणखाना, मार्गिका, शीतगृहे, लिफ्ट व मध्यवर्ती वातानुकूलन यांचा हा वापर 'आधारभार' म्हणून ओळखला जातो. सिंगापूरमधील २९ हॉटेलांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महिन्याचा वीजवापर आणि त्या महिन्यात भरलेल्या खोल्या यांचा संबंध क्षीण आढळला. अर्थ असा की, खोल्या रिकाम्या असतानाही यंत्रणा जवळपास तेवढीच चालत होती. हॉटेलांच्या ऊर्जा मापनात आधारभाराला असलेले महत्त्व यावरून स्पष्ट होते.

## निर्देशांक

एकूण वापराचा आकडा तुलनेस उपयोगी पडत नाही, कारण मोठे हॉटेल लहान हॉटेलपेक्षा अधिक ऊर्जा वापरणारच. म्हणून वापराला योग्य परिमाणाने भागले जाते. प्रचलित निर्देशांक पुढीलप्रमाणे आहेत.

* दर चौरस मीटरमागे वार्षिक ऊर्जा : हा सर्वाधिक प्रचलित निर्देशांक आहे. भारतात तो ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक, संक्षेपाने ईपीआय, या नावाने ओळखला जातो आणि दर चौरस मीटरला दर वर्षी किती किलोवॅट-तास अशा एककात मांडला जातो. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातील नेहमीचे एक युनिट होय.
* दर खोलीमागे वार्षिक ऊर्जा : मोजण्यास सोपा, परंतु खोल्यांचा आकार आणि हॉटेलातील इतर सोयी यांचा विचार त्यात होत नाही.
* दर व्यापलेल्या खोली-रात्रीमागे ऊर्जा : एक खोली एका रात्रीसाठी भरली की एक खोली-रात्र होते. हॉटेलने प्रत्यक्षात किती काम केले, हे या परिमाणातून दिसते.
* दर पाहुणा-रात्रीमागे ऊर्जा : एका खोलीत अनेक जण राहतात अशा पर्यटनस्थळांच्या हॉटेलांसाठी हा अधिक योग्य ठरतो.
* ऊर्जाखर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण : मालकाला समजण्यास सोपे असले, तरी दरवाढ, हंगामातील भाडे आणि सवलती यांमुळे हे प्रमाण बदलत राहते. त्यामुळे कार्यक्षमता जोखण्यासाठी ते विश्वसनीय मानले जात नाही.

कोणताही एक निर्देशांक पुरेसा नसतो. क्षेत्रफळावर आधारित निर्देशांक इमारत व यंत्रणा यांविषयी सांगतो, तर खोली-रात्रीवर आधारित निर्देशांक सेवेविषयी सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तरच अर्थ लागतो. त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

## मापनाची पद्धत

### हद्द ठरविणे

प्रथम कोणता वापर मोजायचा हे निश्चित करावे लागते. हॉटेलच्या आवारात भाड्याने दिलेली दुकाने, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि वाहनतळ धरायचे की वगळायचे, हे आधीच ठरवले जाते. धुलाई बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिली की हॉटेलचा ऊर्जावापर कागदावर कमी होतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या ठिकाणी सरकलेला असतो. म्हणून काही प्रणालींत बाहेर दिलेल्या धुलाईचाही हिशेब धरला जातो.

### माहिती गोळा करणे

किमान सलग बारा महिन्यांची बिले आणि इंधनखरेदीच्या नोंदी घेतल्या जातात. बारा महिने घेतल्याने उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तसेच गर्दीचा व मंदीचा हंगाम हे सर्व हिशेबात येतात. बिलाचा कालावधी आणि कॅलेंडरचा महिना वेगळे असल्यास त्यांचा मेळ घालावा लागतो. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या वीजग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तास या एककावर होते. निर्देशांकासाठी मात्र बिलातील किलोवॅट-तासांचा आकडा घ्यावा लागतो. ही दोन एकके एकच समजल्यास हिशेब चुकतो.

### एका एककात आणणे

वीज, डिझेल व वायू यांची बेरीज करण्यासाठी सर्व आकडे एकाच एककात आणले जातात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास, तर एक किलोग्रॅम एलपीजीमध्ये सुमारे १२.८ किलोवॅट-तास ऊष्मा असतो. त्यानुसार १९ किलोग्रॅमच्या एका व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे २४० किलोवॅट-तास ऊर्जा असते. जनित्रासाठी लागलेले डिझेल आणि त्या जनित्राने निर्माण केलेली वीज ही दोन्ही बेरजेत घेतल्यास एकच ऊर्जा दोनदा मोजली जाते. त्यामुळे यांपैकी एकच आकडा घेतला जातो.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. हॉटेलच्या मीटरवर दिसणारी ऊर्जा ही 'स्थळ-ऊर्जा', तर ती निर्माण करून हॉटेलपर्यंत पोहोचवण्यासाठी मुळात खर्च झालेली ऊर्जा ही 'स्रोत-ऊर्जा' होय. औष्णिक वीजनिर्मितीत इंधनातील बरीच ऊर्जा वाया जाते. शिवाय वहनात गळती होते. अमेरिकेतील एनर्जी स्टार कार्यक्रमात ग्रीडमधील एक युनिट विजेसाठी २.८० युनिट, तर नैसर्गिक वायूच्या एका युनिटसाठी १.०५ युनिट स्रोत-ऊर्जा धरली जाते. त्यामुळे डिझेलचा बॉयलर काढून विजेवरील उष्मापंप बसवल्यास स्थळ-ऊर्जेत होणारी घट मोठी, तर स्रोत-ऊर्जेत होणारी घट त्या मानाने लहान दिसते.

### हवामान व इतर घटकांसाठी समायोजन

मुंबईतील हॉटेल आणि शिमल्यातील हॉटेल यांची थेट तुलना अन्यायकारक ठरते. हवामानाचा परिणाम मोजण्यासाठी 'अंश-दिवस' ही संकल्पना वापरली जाते. आधारतापमान १८ अंश सेल्सिअस धरले आणि एखाद्या दिवसाचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर त्या दिवशी १२ शीतन अंश-दिवस झाले असे मानतात. वर्षभरातील अशा सर्व अंशांची बेरीज ही त्या गावाला थंडाव्याची किती गरज आहे याचे माप होय. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर तापमानाइतकीच आर्द्रताही महत्त्वाची असते आणि केवळ तापमानावर आधारलेल्या अंश-दिवसांत ती दिसत नाही.

हवामानाशिवाय खोल्या भरण्याचे प्रमाण, म्हणजेच ऑक्युपन्सी, हॉटेलचा दर्जा, उपाहारगृहांची संख्या, सभागृहांचा वापर आणि तरणतलाव यांचाही विचार केला जातो.

### तुलना

तुलना दोन प्रकारची असते. अंतर्गत तुलनेत हॉटेल स्वतःच्याच मागील कामगिरीशी किंवा एकाच साखळीतील हॉटेले परस्परांशी ताडली जातात. बाह्य तुलनेत इतर मालकांच्या हॉटेलांशी किंवा राष्ट्रीय मानदंडाशी तुलना होते. अंतर्गत तुलना सोपी असते, कारण इमारत व सोयी त्याच राहतात. मात्र एखादे हॉटेल वर्षानुवर्षे उधळे असेल, तर ते बाह्य तुलनेशिवाय लक्षात येत नाही.

## एक उदाहरण

निर्देशांक कसा काढतात आणि तो कसा फसवू शकतो, हे पुढील काल्पनिक हॉटेलवरून दिसेल. या हॉटेलात १०० खोल्या आहेत आणि त्याचे क्षेत्रफळ ८,००० चौरस मीटर आहे. वर्षभरात ६५ टक्के खोल्या भरल्या, म्हणजे २३,७२५ खोली-रात्री झाल्या. त्या वर्षीचा वापर असा :

* वीज : १४,००,००० किलोवॅट-तास
* बॉयलरसाठी डिझेल ३०,००० लिटर : ३,००,००० किलोवॅट-तास
* स्वयंपाकघरासाठी एलपीजी १०,००० किलोग्रॅम : १,२८,००० किलोवॅट-तास
* एकूण : १८,२८,००० किलोवॅट-तास

आता प्रत्येक महिन्याच्या खोली-रात्री आडव्या अक्षावर आणि त्या महिन्याचा ऊर्जावापर उभ्या अक्षावर मांडून बारा बिंदूंमधून सरळ रेषा काढली. ही रेषा उभ्या अक्षाला १,००,००० किलोवॅट-तासांवर छेदते असे समजू. म्हणजे एकही पाहुणा नसता तरी महिन्याला एक लाख युनिट ऊर्जा लागली असती. हा आधारभार वर्षाला १२ लाख किलोवॅट-तास होतो. उरलेले ६,२८,००० किलोवॅट-तास पाहुण्यांमुळे लागले, म्हणजे दर खोली-रात्रीला सुमारे २६.५ किलोवॅट-तास.

पुढील वर्षी पर्यटन मंदावले आणि केवळ ४० टक्के खोल्या भरल्या. यंत्रे, कर्मचारी आणि कामाची पद्धत यांत काहीही बदल झाला नाही. दोन्ही वर्षांचे आकडे असे येतात :

| | पहिले वर्ष | दुसरे वर्ष |
|---|---|---|
| भरलेल्या खोल्या | ६५ टक्के | ४० टक्के |
| खोली-रात्री | २३,७२५ | १४,६०० |
| एकूण ऊर्जा, किलोवॅट-तास | १८,२८,००० | सुमारे १५,८६,००० |
| दर चौरस मीटरमागे | २२८.५ | सुमारे १९८ |
| दर खोली-रात्रीमागे | ७७ | सुमारे १०९ |

क्षेत्रफळाच्या निर्देशांकानुसार हॉटेल १३ टक्क्यांनी सुधारले, तर खोली-रात्रीच्या निर्देशांकानुसार ते ४१ टक्क्यांनी बिघडले. वास्तविक हॉटेलची कार्यक्षमता होती तेवढीच राहिली. बदलली ती फक्त पाहुण्यांची संख्या. पहिला आकडा दाखवून व्यवस्थापक बचतीचे श्रेय घेऊ शकतो, तर दुसरा आकडा दाखवून मालक त्याच व्यवस्थापकाला दोष देऊ शकतो. दोघांचेही म्हणणे चुकीचे ठरेल.

योग्य निष्कर्ष रेषेवरून निघतो. दुसऱ्या वर्षी १४,६०० खोली-रात्रींसाठी जेवढी ऊर्जा लागणे अपेक्षित होते, तेवढीच लागली. म्हणजे बचतही झाली नाही आणि नासाडीही वाढली नाही. मात्र पहिल्या वर्षीच्या एकूण वापरातील जवळजवळ दोन-तृतीयांश भाग आधारभार आहे. बचतीचा शोध तेथूनच सुरू करावा लागेल.

## आंतरराष्ट्रीय प्रणाली

एनर्जी स्टार : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला आणि १९९९ पासून इमारतींना प्रमाणपत्रे मिळू लागली. पोर्टफोलिओ मॅनेजर या विनामूल्य संगणकीय साधनात हॉटेलची माहिती भरल्यावर १ ते १०० पैकी गुण मिळतात. ५० गुण म्हणजे मध्यम कामगिरी. ७५ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारी इमारत प्रमाणपत्रास पात्र ठरते. गुण देताना खोल्यांची संख्या, कर्मचारी, व्यावसायिक शीतयंत्रे, स्वयंपाकाची सोय आणि हवामान यांचा विचार करून अपेक्षित वापर काढला जातो व प्रत्यक्ष वापर त्याच्याशी ताडला जातो.

हॉटेल कार्बन मेझरमेंट इनिशिएटिव्ह : जागतिक प्रवास व पर्यटन परिषद आणि इंटरनॅशनल टुरिझम पार्टनरशिप यांनी २०१२ मध्ये ही हिशेबपद्धती सुरू केली. तिच्यात मुक्कामाचे कार्बन उत्सर्जन दर व्यापलेल्या खोलीमागे, तर सभांचे उत्सर्जन सभागृहाचे क्षेत्रफळ व वापराचे तास यांनुसार काढले जाते. बाहेर दिलेल्या धुलाईचाही त्यात समावेश असतो.

कॉर्नेल निर्देशांक : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २०१४ पासून जगभरातील हॉटेलांचे ऊर्जा, पाणी व कार्बन यांचे तुलनात्मक आकडे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यात शहर, हवामान आणि हॉटेलचा दर्जा यांनुसार आकडे पाहता येतात.

कायदेशीर सक्ती : न्यू यॉर्क शहराने २००९ च्या स्थानिक कायदा ८४ अन्वये ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना ऊर्जावापर दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक केले. २०१६ मध्ये ही मर्यादा २५,००० चौरस फुटांवर आणली गेली. सिंगापूरमध्येही हॉटेलांसह व्यावसायिक इमारतींना ऊर्जावापराची वार्षिक माहिती सरकारला सादर करावी लागते.

आयएसओ ५०००१ : ऊर्जा व्यवस्थापनाचे हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. ते कोणताही ठरावीक आकडा गाठण्यास सांगत नाही. आधाररेषा ठरवून सातत्याने सुधारणा दाखवण्याची अपेक्षा करते.

## भारतातील स्थिती

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्याखाली मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी पुण्यातील महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, ही संस्था पाहते.

ब्युरोने २००७ मध्ये नव्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. तिची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली. या संहितेत देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई व गोवा उष्ण-दमट विभागात, दिल्ली संमिश्र विभागात, तर बंगळूरु समशीतोष्ण विभागात मोडते. त्यामुळे एकाच साखळीच्या मुंबई व बंगळूरु येथील हॉटेलांकडून एकच ईपीआय अपेक्षिणे योग्य नसते. वापरात असलेल्या इमारतींना ईपीआयनुसार तारांकन देण्याची ब्युरोची योजना २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींपासून सुरू झाली.

मोठ्या ऊर्जाग्राहकांसाठी २०१२ पासून 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' ही योजना राबवली जाऊ लागली. तिच्यात प्रत्येक नियुक्त ग्राहकाला ऊर्जाबचतीचे लक्ष्य दिले जाते. लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्यास विक्रीयोग्य प्रमाणपत्रे मिळतात आणि कमी पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागतात. १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झालेल्या चौथ्या आवर्तनात व्यावसायिक इमारतींच्या वर्गात मोठ्या हॉटेलांचा समावेश करण्यात आला. यामुळे अशा हॉटेलांसाठी ऊर्जेचे काटेकोर मापन ही कायदेशीर जबाबदारी झाली.

स्वेच्छेने घेतलेल्या प्रमाणपत्रांची परंपरा याहून जुनी आहे. मुंबईत विलेपार्ले येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या ऑर्किड या पंचतारांकित हॉटेलला ईकोटेल हे पर्यावरणविषयक प्रमाणपत्र मिळाले. ऊर्जेबरोबरच पाणी, कचरा व्यवस्थापन आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हेही ईकोटेलचे निकष आहेत. अशी प्रमाणपत्रे आणि ऊर्जा निर्देशांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक हरित प्रमाणपत्रे इमारतीची रचना व धोरणे पाहून दिली जातात, तर निर्देशांक दरवर्षीच्या प्रत्यक्ष वापरावर ठरतो.

लहान लॉज, यात्रेकरूंची निवासस्थाने आणि कोकणातील घरगुती निवास यांना वरील कायद्यांपैकी बहुतेक लागू होत नाहीत. तरीही महिन्याचे वीजबिल, सिलिंडरांची संख्या आणि भरलेल्या खोल्या यांची एका वहीत नोंद ठेवून त्यांनाही खोली-रात्रीचा निर्देशांक काढता येतो. सौर तापकाची ऊर्जा बिलात येत नसल्याने असे तापक असलेल्या लॉजचा निर्देशांक कमी दिसतो, हे तुलनेत ध्यानात ठेवावे लागते.

## निष्कर्षांचा उपयोग

तुलनात्मक मापन स्वतः ऊर्जा वाचवत नाही. कोठे पाहावे, एवढेच ते सांगते. निर्देशांक अपेक्षेपेक्षा जास्त आल्यास पुढची पायरी म्हणजे ऊर्जा लेखापरीक्षण. आधारभार जास्त असल्यास रात्री व मंदीच्या हंगामात कोणती यंत्रे विनाकारण चालतात, हे पाहिले जाते. खोली-रात्रीमागील वापर जास्त असल्यास गरम पाणी, धुलाई व खोल्यांतील वातानुकूलन तपासले जाते. सर्वसाधारण उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

* गती बदलता येणारे पंप व पंखे : त्यांची शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती २० टक्क्यांनी कमी केल्यास लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते.
* उष्मापंप : विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. चिलरमधून बाहेर टाकली जाणारी उष्णताही पाणी तापवण्यासाठी वापरता येते.
* खोलीतील किल्ली-कार्ड : पाहुणा बाहेर पडताच दिवे व वातानुकूलन बंद करणारी सोय.
* विभागवार उपमीटर : स्वयंपाकघर, धुलाईघर आणि चिलर यांचा वापर वेगळा मोजल्यास प्रत्येक विभागप्रमुखाला जबाबदारी देता येते.
* खोल्यांचे वाटप : मंदीत पाहुण्यांना एकाच मजल्यावर खोल्या देऊन इतर मजल्यांवरील यंत्रणा कमी क्षमतेने चालवणे. यास भांडवली खर्च लागत नाही.

बचतीला मर्यादाही आहेत. साठवणीतील गरम पाण्याचे तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या खाली आणल्यास लिजिओनेला या रोगकारक जिवाणूंच्या वाढीचा धोका असतो. दमट किनारपट्टीवर पावसाळ्यात रिकाम्या खोल्यांचे वातानुकूलन पूर्ण बंद ठेवल्यास भिंती व गाद्यांना बुरशी येते आणि दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या विजेपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून कमी निर्देशांक म्हणजे नेहमीच चांगले व्यवस्थापन असे मानता येत नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने या प्रयत्नांना व्यापक संदर्भ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन व पर्यावरण संस्थांच्या २००८ च्या अहवालानुसार, २००५ मध्ये पर्यटनातून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात निवासव्यवस्थेचा वाटा सुमारे २१ टक्के होता. इंटरनॅशनल टुरिझम पार्टनरशिपच्या २०१७ च्या अहवालाने हॉटेल व्यवसायासाठी दर खोलीमागील उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत ६६ टक्क्यांनी आणि २०५० पर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याची गरज मांडली. अशा लक्ष्याकडे होणारी वाटचाल नियमित मापनाशिवाय तपासता येत नाही.

## मर्यादा व टीका

तुलनात्मक मापनावर पुढील आक्षेप घेतले जातात.

* व्याख्यांतील फरक : वेगवेगळ्या अभ्यासांत क्षेत्रफळ, हद्द आणि इंधने वेगळ्या रीतीने मोजलेली असतात. हाँगकाँगमधील १६ हॉटेलांच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर चौरस मीटरला ५६४ किलोवॅट-तास अशी सरासरी आली. वर उल्लेखिलेल्या सिंगापूरच्या अभ्यासात ती ४२७ होती. मात्र केवळ या दोन आकड्यांवरून एका शहरातील हॉटेले दुसऱ्यापेक्षा कार्यक्षम आहेत असे म्हणता येत नाही.
* नमुन्याचा कल : स्वेच्छेने माहिती देणाऱ्यांत मोठ्या साखळ्यांची हॉटेले अधिक असतात. लहान व स्वतंत्र हॉटेलांचे चित्र त्यात पुरेसे उमटत नाही.
* सरासरीचे समाधान : सर्वच हॉटेले उधळी असतील, तर सरासरीइतकी कामगिरीही वाईटच असते.
* गोपनीयता : खोल्या किती भरल्या हा आकडा व्यावसायिक गुपित मानला जातो. त्यामुळे अनेक हॉटेले तो देण्यास तयार नसतात आणि नेमका तोच आकडा नसल्याने तुलना अपुरी राहते.
* मालक व चालक यांतील विभागणी : अनेक हॉटेलांत इमारतीचा मालक एक आणि ती चालवणारी कंपनी दुसरी असते. नव्या यंत्राचा खर्च मालकाने करायचा आणि चांगल्या निर्देशांकाचा लौकिक चालकाला मिळायचा, अशा स्थितीत मापनातून दिसलेले उपायही अंमलात येत नाहीत.

या मर्यादांमुळे एका वर्षाच्या एका आकड्यावरून हॉटेलचा क्रम लावण्यापेक्षा, अनेक वर्षांचे आकडे त्याच व्याख्येने काढून त्यांतील बदलाची कारणे शोधणे अधिक विश्वसनीय मानले जाते.

## हे सुद्धा पहा

* ऊर्जा लेखापरीक्षण
* ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो
* ऊर्जा संवर्धन कायदा, २००१
* हरित इमारत
* शाश्वत पर्यटन
* उष्मापंप